हॅम्लेट, कॅमेरा आणि आपण

पंचवीस वर्षांपूर्वी अकोल्यात आम्ही हौशी मंडळींनी ‘हॅम्लेट’मधले काही प्रवेश बसवले होते. दिग्दर्शन माझं. प्रयोगाच्या दिवशी कुणीतरी लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला घेऊन आलं. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. ‘नाटक कॅमेऱ्यात मावत नाही,’ असं ऐटीत म्हणालोही. हॅम्लेट करणारा मित्र अमरावतीचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. परवा त्याच्या मुलीनं विचारलं, “काका, बाबांच्या नाटकाचं काही शूटिंग आहे का तुमच्याजवळ?” माझ्याजवळ एक पिवळा पडलेला फोटो होता. तो दिला.

हॅम्लेटचं आणि अकोल्याचं नातं जुनं आहे. गोपाळ गणेश आगरकर 1875 साली अकोल्याहूनच मॅट्रिक झाले. 1882 साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढताना त्यांनी ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचं काम केलं. 1883 साली ते ‘विकारविलसित’ या नावानं प्रसिद्ध झालं. पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी हॅम्लेटची भूमिका गाजवली. 1922 साली ते गेले. त्यांचा हॅम्लेट आज आपण पाहू शकत नाही. पाहणाऱ्यांनी जे लिहून ठेवलं, तेवढंच आपलं.

रंगमंचावरचा हॅम्लेट पडद्यावर आणण्याचा एक प्रयत्न आपल्याकडे 1935 साली झाला. सोहराब मोदींनी आपलं नाटकच ‘खून का खून’ या बोलपटात उतरवलं. 1964 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर रिचर्ड बर्टन यांच्या ‘हॅम्लेट’चं चित्रण झालं. दिग्दर्शक होते जॉन गिलगुड. समोर तिकीट काढून आलेले प्रेक्षक बसले होते आणि इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांनी चालू प्रयोग टिपला. ते चित्रण फिल्मवर उतरवून सप्टेंबरात दोनच दिवस चित्रपटगृहांत दाखवलं. नंतर सगळ्या प्रती नष्ट करायच्या, असं ठरलं होतं. पण बर्टन यांच्याजवळ एक प्रत राहिली. त्यांच्या मृत्यूनंतर ती पत्नीला सापडली, म्हणून आज ते नाटक आपण घरी बसून पाहू शकतो.

मी ते पाहिलं. माझं जुनं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवत असतो. कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की तोच आवाज मोठा वाटतो. दुसरी गोष्ट नजरेची. हॅम्लेट राजासमोर नाटक करवतो, तो प्रवेश आठवा. नाट्यगृहात कुणी त्या नाटकातल्या नटांकडे पाहतं, कुणी राजाच्या चेहऱ्याकडे, कुणी राजाला न्याहाळणाऱ्या हॅम्लेटकडे. ही निवड आपली असते. चित्रणात ती दुसऱ्यानं आपल्यासाठी केलेली असते.

पण म्हणून चित्रणच नको, ही माझी चूक. चित्रण म्हणजे प्रयोग नव्हे, हे खरं. फोटो म्हणजे माणूस नव्हे, तरी आपण तो भिंतीवर लावतोच. नाट्यगृहाच्या मधोमध, सगळा रंगमंच दिसेल असा एक कॅमेरा स्थिर ठेवावा. दुसरा जवळून चेहरे टिपायला असावा. आवाज मात्र रंगमंचाजवळून वेगळा घ्यावा, कारण दूरच्या कॅमेऱ्यात संवादांपेक्षा खोकलेच जास्त येतात. लेखकाची आणि नटांची परवानगी आधी घ्यावी. आज मोबाइलवरही एवढं जमतं.

मित्राच्या मुलीसाठी मी त्या प्रयोगातलं आठवेल ते लिहून काढतो आहे. तो कुठे थांबायचा, कुठे वळायचा, कोणत्या वाक्याला खाली बसायचा. चार पानं झाली. पण तिला ऐकायचा आहे तो बाबांचा आवाज, आणि तो काही कागदावर उतरत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)