बंद दाराचे इंग्रजी शब्द

‘दार बंद आहे’ असे मराठीत म्हटले, म्हणजे ऐकणाऱ्याला दार उघडे नाही एवढेच कळते. ते नुसते लोटलेले आहे, आतून कडी घातलेली आहे, की बाहेरून कुलूप लावलेले आहे, याचा उलगडा त्या वाक्यातून होत नाही. मराठीला हे भेद ठाऊक नाहीत असे मुळीच नव्हे. दार लोटणे, ओढून घेणे, कडी घालणे, आगळ सरकवणे, कुलूप लावणे हे सारे प्रयोग घरोघरी रूढ आहेत. परंतु ‘बंद’ हा शब्द इतका सोयीचा ठरला आहे की, दार, दुकान, दिवा, पंखा आणि तोंड ही सारी त्या एकाच शब्दाने बंद होतात. मग इंग्रजी शिकणारा विद्यार्थी दिव्यालाही ‘क्लोज’ करावयास सांगतो, आणि ऐकणारा इंग्रज बुचकळ्यात पडतो.

इंग्रजीत या कामासाठी ‘शट’, ‘क्लोज’, ‘लॅच’, ‘बोल्ट’, ‘लॉक’, ‘फासन’ असे अनेक शब्द आहेत. वरवर पाहता ते समानार्थी वाटतात. परंतु त्यांची मुळे शोधू लागले की, बहुतेकांच्या पोटी एखादी वस्तू किंवा हाताची एखादी हालचाल दडलेली आढळते.

‘शट’ हा अगदी घरगुती शब्द. जुन्या इंग्रजीत त्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ अडसर सरकवून बसवणे असा होता. बाण किंवा गोळी सोडणे या अर्थाचा ‘शूट’ हा शब्द त्याच कुळातला. झपकन सरकणारा अडसर हा या दोघांना जोडणारा दुवा होय. पुढे अडसर विसरला गेला आणि ‘शट’ म्हणजे नुसते दार लावणे असा अर्थ उरला.

‘बोल्ट’ म्हणजे मुळात आखूड, जाड बाण. दाराच्या लोखंडी दांड्याला त्याच्या आकारावरून ते नाव मिळाले. त्याच बाणाच्या वेगावरून, बिथरून उधळलेला घोडाही इंग्रजीत ‘बोल्ट’ करतो. दार जखडून ठेवणे आणि सुसाट पळून जाणे अशी दोन टोके एकाच शब्दात नांदतात, ती अशी.

‘लॅच’चे मूळ पकडणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. लॅच दाराला वाऱ्यापासून धरून ठेवतो, पण हाताने उचलला की दार उघडते. मुंबईच्या सदनिकांत मात्र ‘लॅच’ म्हणजे आपोआप लागणारे कुलूप, आणि त्याची किल्ली आत राहिली की घरमालकच परका होतो.

‘फासन’ हा शब्द ‘फास्ट’पासून आला, लिहिताना त्यात असलेला ‘ट’ उच्चारात गळतो. ‘फास्ट’चा मूळ अर्थ घट्ट, पक्का असा. न जाणाऱ्या रंगाला इंग्रजीत अजूनही ‘फास्ट’च म्हणतात. घट्ट, मग जोराने, मग वेगाने अशी अर्थाची पावले पडत गेली, आणि तोच शब्द मुंबईच्या फास्ट लोकलवर येऊन बसला.

‘क्लोज’ हा पाहुणा. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा जो ओघ सुरू झाला, त्यातून तो आला. त्याचे मूळ लॅटिन आहे. म्हणूनच बँकेतील खाते किंवा सभा यांसाठी तो शोभतो. त्याच लॅटिन धातूच्या गोतावळ्यात किल्लीसाठी ‘क्लाविस’ असा शब्द होता. पोर्तुगीजांनी त्याचा ‘शाव्ह’ केला, आणि त्यांच्या सहवासातून मराठीला ‘चावी’ मिळाली. ‘कुलूप’ अरबीतील ‘कुफ्ल’वरून, अक्षरांची अदलाबदल होऊन आले. तेव्हा मराठी घराचे कुलूप अरबी आणि चावी पोर्तुगीज असली, तरी दोघांचे उत्तम जमते.

या साऱ्या शब्दांतील खरा भेद एका प्रश्नात सामावला आहे: दार कोण उघडू शकतो? ‘शट’ किंवा ‘क्लोज’ असलेले दार कोणीही ढकलावे. ‘बोल्ट’ केलेले दार, बोल्ट ज्या बाजूला असेल तिकडचा माणूस उघडतो. ‘लॉक’ केलेले दार मात्र ज्याच्या हाती किल्ली, त्याचेच.

हा भेद केवळ कोशातला नव्हे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य परदेशांतून आलेल्या तरुण मुली होत्या. कामाच्या वेळात कारखान्याची दारे ‘लॉक’, ‘बोल्ट’ किंवा ‘फासन’ केलेली नसावीत, असे तेथील कायद्यात आधीच लिहिलेले होते. मालकांवर त्याच वर्षी डिसेंबरात खटला चालला. नवव्या मजल्यावरील जिन्याचे दार नुसते लागलेले होते की कुलूपबंद होते, आणि ते कुलूपबंद असल्याचे मालकांना ठाऊक होते काय, यावर सारा वाद एकवटला. ढिगाऱ्यातून सापडलेले, दांडा बाहेर आलेले एक कुलूप न्यायालयात मांडण्यात आले. तरीही मालकांना ते ठाऊक होते, हे ज्यूरीला पटले नाही. ते निर्दोष सुटले.

भारतात १९४८ साली कारखान्यांचा जो कायदा झाला, त्याच्या मूळ मजकुरातही हाच विचार होता: खोलीत माणूस असेपर्यंत बाहेर पडण्याचे दार, आतून सहज व तत्काळ उघडता येणार नाही अशा रीतीने ‘लॉक’ किंवा ‘फासन’ केलेले नसावे. दुसरीकडे, धूर व ज्वाळा अडवणाऱ्या अग्निरोधक दारावर ते सदैव ‘शट’ ठेवावे अशी पाटी असते. दोन्ही आज्ञा माणसाच्या जिवासाठीच आहेत. पण दोहोंचे भाषांतर ‘बंद’ या एकाच शब्दाने केले, तर एक पाटी म्हणेल दार बंद ठेवा, आणि दुसरी म्हणेल दार बंद ठेवू नका. अशा ठिकाणी मराठीने आपलाच जुना साठा उघडावा आणि स्पष्ट लिहावे: दार लोटलेले असावे, पण त्याला कडी वा कुलूप नसावे.