आगमनकाळ आणि प्रभूची माता

मरियेची भक्ती म्हटली की आपणांस मे व ऑक्टोबर हे महिने आठवतात. परंतु पोप पॉल सहावे यांनी १९७४ साली ‘मारियालिस कुल्तुस’ या पत्रात आगमनकाळ या भक्तीस विशेष अनुकूल असल्याचे प्रतिपादिले. कारण या काळात ती ख्रिस्तापासून विलग होत नाही. चौथ्या रविवारची शुभवर्तमाने पाहावीत : ‘अ’ वर्षी योसेफाचे स्वप्न, ‘ब’ वर्षी देवदूताचा निरोप, ‘क’ वर्षी एलिझाबेथची भेट. तिन्हींत मरिया आहे. तिन्हींचा रोख मात्र येणाऱ्या प्रभूकडे आहे.

बिदर-कलबुरगीच्या शिवारात या दिवसांत तुरीच्या शेंगा भरत असतात. शेतकरी वाट पाहतो, पण स्वस्थ बसत नाही; पिकाची राखण करतो. मरियेचे वाट पाहणेही असेच कृतिशील होते. निरोप मिळताच ती डोंगराळ प्रदेशाकडे त्वरेने निघाली व सुमारे तीन महिने एलिझाबेथजवळ राहिली (लूक १:३९-५६).

म्हणून गोठा सजविण्यापूर्वी धर्मशिक्षकांनी श्रद्धावंतांस विचारावे : धनी कामासाठी परगावी गेल्यामुळे आपल्या वस्तीत कोणी गर्भवती भगिनी एकटी आहे काय? तिच्या दारी जाणे, ही नाताळची पहिली तयारी होय.