पुढच्यास ठेच

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण घरोघर वापरतो. पण मागच्याला हे शहाणपण येते कसे? पुढच्याची ठेच त्याने पाहिलेली असली पाहिजे, ध्यानात ठेवली पाहिजे आणि तसलाच दगड वाटेत आला की ती वेळेवर आठवली पाहिजे. एवढे जमले तर मागचा शहाणा. नाही तर दोघेही लंगडत घरी येणार! आजचा आपला विषय हाच आहे. फक्त वाट आहे ती आकाशातली.

आकाश मोकळे दिसले तरी विमानांना मन मानेल तसे जाता येत नाही. जमिनीवरचा नियंत्रक रडारच्या पडद्यावर त्यांना पाहत असतो आणि रेडिओवरून सूचना देत असतो. नियम तसा सरळ आहे. रडारच्या टप्प्यातील लांबच्या मार्गांवर दोन विमानांत सामान्यतः ५ सागरी मैलांचे अंतर हवे. ते नसेल तर उंचीत १,००० फुटांचा फरक हवा. पण नियम येथेच थांबतो. अंतर किती हवे ते तो सांगतो. ते राखण्यासाठी कोणते विमान वळवायचे आणि कोणते खाली आणायचे, ते सांगत नाही. तेथे नियंत्रकाचा अनुभव कामी येतो. आणि अनुभव म्हणजे तरी काय? पूर्वी हाताळलेल्या प्रसंगांचा साठाच की नाही?

हा साठा संगणकाच्या हवाली करता येईल काय? नव्या प्रसंगी माणूस जुने प्रसंग आठवून विचार करतो, हे येल विद्यापीठातील रॉजर शँक यांनी १९८२ साली एका ग्रंथात मांडले. त्यातून जी पद्धत वाढली, तिला आपण ‘दाखल्यांवरून विचार’ म्हणू. वकील जुने निवाडे काढतो, तसेच हे. जुळता दाखला शोधायचा, तो लावून पाहायचा, कमीजास्त दुरुस्त करायचा आणि नवा दाखला दप्तरी ठेवायचा, अशा तिच्या चार पायऱ्या. विमानांची गाठ टाळण्याचा उपाय अशा रीतीने सुचवणारी एक संगणक-योजना डब्लिनच्या संशोधकांनी १९९७ च्या सुमारास मांडली होती.

समजा, दोन विमाने ३३,००० फुटांवर एकाच ठिकाणी येऊ पाहत आहेत. त्यांतले एक लवकरच मुंबईस उतरायचे आहे. जुना दाखला सांगतो, की उतरणाऱ्याला थोडे आधीच खाली घ्या. ठीक. पण आज खाली तिसरे विमान आहे! म्हणजे दाखला जसाच्या तसा चालणार नाही. मग एकाला जरा वळवून दुसऱ्याच्या मागून काढायचे. हा झाला नवा दाखला.

खरी मेख आहे ती येथे. दोन प्रसंग सारखे, पण कशात सारखे? वेग, उंची, मार्गांमधला कोन, ढग, यांपैकी कशाला किती वजन द्यायचे? ते चुकले तर दाखला फसवतो. म्हणून यंत्राने सुचवावे. निर्णय मात्र नियंत्रकाचाच.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर झाली आणि ३४९ माणसे गेली. एकाला १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते, दुसरे १४,००० वर होते. पहिले आपली उंची सोडून खाली आले. या ठेचेपासून आपण शिकलो. टक्कर टाळण्याची सूचना वैमानिकाला देणारे यंत्र भारतात पुढे सक्तीचे झाले.

मोठी ठेच सर्वांनाच दिसते हो! पण ज्या वेळी थोडक्यात निभावते, ती वेळ फक्त नियंत्रकाला आणि वैमानिकाला ठाऊक असते. शिक्षेच्या धास्तीने त्यांनी ती मनातच ठेवली, तर दप्तर कोरे राहील आणि कोरे दप्तर चाळून संगणक तरी काय सांगणार? जो खरे सांगेल त्याचे ऐकून घेण्याची सवय आधी आपल्याला लागली पाहिजे. यंत्र त्यानंतरचे.