उणे १९६ अंशांतला पशुव्यापार

जनावरांचा परदेशी व्यापार म्हटलं की गाईगुरांनी भरलेलं जहाज आठवतं. पुण्याजवळच्या उरुळी कांचनला या व्यवसायाचं वेगळंच रूप दिसतं.

मणिभाई देसाई १९४६मध्ये गांधीजींच्या निसर्गोपचार आश्रमासाठी इथे आले आणि इथलेच झाले. गीर गाई पाळता पाळता त्यांनी १९६७मध्ये ‘बाएफ’ ही संस्था उभी केली. होल्स्टिन आणि जर्सी वळूंच्या रेतातून संकरित कालवडी शेतकऱ्यांच्या दावणीला आल्या. १९८२मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे रेत ज्या नळीत भरतात ती रेतकांडी जेमतेम पाव मिलिलिटरची. ती द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर राहते. गोठ्यात आलेला तंत्रज्ञ ती अर्धा मिनिट कोमट पाण्यात धरतो आणि लगेच वापरतो. अशा कांड्या देशोदेशी जातात.

त्या परदेशी पाठवताना सल्लागार लागतो. आयातदार देशाच्या आरोग्य-अटी, रोगतपासण्या, विलगीकरण, वंशावळीची कागदपत्रं, सगळं त्याला जुळवावं लागतं. लाळ्या-खुरकूत भारतात असल्यामुळे अनेक बाजार आपल्या जनावरांना बंद आहेत. त्यामुळे सल्लागाराकडे पशुवैद्यकाच्या ज्ञानासोबत व्यापाराची जाणही हवी. त्यासाठी पुण्यातल्या वैकुंठ मेहता संस्थेत कृषिव्यवसाय व्यवस्थापन शिकता येतं.