आहारातील स्निग्धता आणि प्रोस्टेटचा कर्करोग

म्हैसूरला जाणारा पाहुणा राजवाडा पाहतो आणि परतताना म्हैसूरपाकाचा पुडा घेतो. बेसन, साखर आणि सढळ हाताने ओतलेले तूप एवढ्याच सामग्रीची ही मिठाई राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जन्मली, असे सांगतात. याच नगरातील चेलुवांबा महालात १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तुपातेलाची आवड जपणाऱ्या गावीच त्याची शास्त्रीय पारख करणारी संस्था असावी, हा योग मोठा गमतीचा आहे.

तूप, तेल, लोणी, चरबी यांना आपण स्निग्ध पदार्थ म्हणतो. पेशींची आवरणे घडविण्यास आणि काही जीवनसत्त्वे शरीरात शोषली जाण्यास ते आवश्यक असतात. मात्र एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर तेवढ्याच तुपातून सुमारे ९. या स्निग्धतेचा पुरुषांच्या एका कर्करोगाशी संबंध आहे काय, हा प्रश्न गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ जगभर अभ्यासला जात आहे.

पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाला वेढून अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला पुरःस्थ ग्रंथी अथवा प्रोस्टेट म्हणतात. उतारवयात ती बहुधा मोठी होते. परंतु ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. कर्करोगाच्या नोंदी पद्धतशीरपणे ठेवण्याचे काम आपल्या देशात प्रथम मुंबईत, १९६३ साली सुरू झाले. अलीकडच्या नोंदींनुसार मोठ्या शहरांतील पुरुषांना होणाऱ्या प्रमुख कर्करोगांत प्रोस्टेटच्या कर्करोगाची गणना होते.

संशय प्रथम आला तो देशादेशांची तुलना केल्यावर. जेथे माणशी स्निग्ध पदार्थ अधिक खाल्ले जात, तेथे या रोगाने होणारे मृत्यूही अधिक असत. जपानमध्ये हा रोग विरळ होता. परंतु अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांत त्याचे प्रमाण वाढलेले आढळले. वंश तोच, ताट मात्र बदललेले! तरीही येथे घाई करून चालत नाही. देश बदलला की केवळ आहार बदलत नाही. श्रम, वजन, आयुर्मान आणि वैद्यकीय तपासण्याही बदलतात.

१९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या प्रश्नाला वेगळे वळण दिले. सात प्रदेशांत, अन्य कारणांनी मरण पावलेल्या पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथी शवविच्छेदनात तपासल्या गेल्या. अनेकांच्या ग्रंथीत कर्करोगाचे सूक्ष्म, सुप्त ठिपके सापडले. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. विशेष म्हणजे अगदी लहान ठिपक्यांचे प्रमाण सर्व प्रदेशांत जवळजवळ सारखे होते. मोठ्या गाठींचे प्रमाण मात्र प्रदेशागणिक निराळे होते. याचा अर्थ असा की, ठिणगी सगळीकडे पडते. ती कोठे भडकते, हे पुढच्या परिस्थितीवर ठरत असावे. म्हणून आहारामुळे रोग होतो काय, यापेक्षा आहारामुळे तो बळावतो काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

उत्तरे एकमुखी नाहीत. अमेरिकेतील सुमारे ४८ हजार पुरुषांच्या १९९३ च्या अभ्यासात प्राणिज स्निग्धता, विशेषतः तांबडे मांस, आणि पसरलेला कर्करोग यांचा संबंध दिसला. उलट २००८ साली युरोपातील १ लाख ४२ हजार पुरुषांच्या पाहणीत आहारातील स्निग्धतेचा या रोगाशी संबंध आढळला नाही. मग २०१३ साली एक वेगळीच बाब पुढे आली. प्रोस्टेटबाहेर दूर न पसरलेला कर्करोग असलेल्या ४,५७७ रुग्णांपैकी ज्यांनी पिष्टमय पदार्थांऐवजी दाणे, बदाम, तेल यांतील वनस्पतिज स्निग्धता अधिक घेतली, त्यांच्यात रोग प्राणघातक होण्याचे प्रमाण कमी होते. ‘किती’ यापेक्षा ‘कोणती’ हा विचार येथे अधिक मोलाचा दिसतो.

यामागील कारणे शोधली जात आहेत. प्राण्यांवरील काही प्रयोगांत अतिस्निग्ध आहाराने गाठीची वाढ व प्रसार वाढलेला दिसला. परंतु उंदरावरचे अनुमान माणसाला जसेच्या तसे लागू होत नाही. लठ्ठपणाविषयीचा पुरावा त्याहून भक्कम आहे. शरीरात साठलेल्या चरबीमुळे संप्रेरकांचा समतोल ढळतो व दाह वाढतो. आणि लठ्ठ पुरुषांत गंभीर स्वरूपाच्या प्रोस्टेट कर्करोगाचा धोका अधिक आढळतो.

२०२४ च्या अखेरीस अमेरिकेतील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सौम्य स्वरूपाचा रोग असलेल्या १०० पुरुषांपैकी निम्म्यांनी वर्षभर तळलेले व ओमेगा-६ युक्त पदार्थ कमी केले, मासे खाल्ले आणि माशांचे तेल घेतले. त्यांच्या गाठीतील पेशीवाढीचा निर्देशांक सुमारे १५ टक्क्यांनी घटला; इतरांचा सुमारे २४ टक्क्यांनी वाढला. आपल्या किनाऱ्यावरच्या बांगड्यात आणि तारलीत असणारी ओमेगा-३ स्निग्धाम्ले ती हीच. मात्र रोगाच्या श्रेणीत दोन्ही गटांत फरक पडला नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून एखाद्या तेलाच्या बाटलीवर ‘कर्करोगनाशक’ अशी जाहिरात दिसली, तर तिच्यावर विसंबू नये. लघवीला वारंवार जावे लागणे, धार बारीक होणे, लघवीतून रक्त जाणे ही लक्षणे पुष्कळ पुरुष संकोचाने घरातही बोलत नाहीत. ती बहुधा साध्या वाढीची अथवा अन्य विकारांची असतात, कधी कर्करोगाचीही. आणि आरंभीच्या कर्करोगात पुष्कळदा कोणतेच लक्षण नसते. कोणता विकार आहे, हे डॉक्टरांच्या तपासणीने आणि आवश्यक तेव्हा पीएसए या रक्तचाचणीने व ऊतीच्या परीक्षणानेच ठरते.