रेल्वेच्या हजेरीपटावरील क्रिकेट

डायना एडल्जी यांचे नाव निघाले की लॉर्ड्सची हकिकत हटकून सांगितली जाते. १९८६ साली भारतीय महिला संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना तेथील पॅव्हेलियनमध्ये त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. तेव्हा ‘एमसीसी’ने आपले नाव ‘एमसीपी’ करावे, म्हणजे पुरुषी अहंकाराचा उल्लेख त्यात आपोआप येईल, असा टोला त्यांनी हाणला. त्या क्लबने स्त्रियांना सभासदत्व देण्याचे ठरविले ते १९९८ मध्ये. हकिकत चटकदार आहे यात शंका नाही. परंतु एडल्जी यांच्या कारकिर्दीतील अधिक मोलाचे प्रकरण याहून पुष्कळ रुक्ष आहे. ते नोकरभरतीचे आहे.

१९५६ साली जन्मलेल्या आणि मुंबईच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या एडल्जी डावखुऱ्या फिरकी गोलंदाज. १९७३ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली, त्याच वर्षी पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली आणि तीत अवघे तीन संघ उतरले. १९७६ च्या अखेरीस वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हा एडल्जी यांनी कसोटी पदार्पण केले. १९७८ व १९९३ च्या विश्वचषक स्पर्धांत त्या कर्णधार होत्या. २० कसोटी सामन्यांत ६३ बळी ही त्यांची कामगिरी भारतीय महिलांत आजही सर्वोच्च आहे. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी ६० बळींसह त्यांच्या पाठोपाठ आहेत.

मात्र या आकड्यांकडे पाहताना मधल्या रिकाम्या वर्षांकडेही पाहिले पाहिजे. १९७७ नंतर भारतीय महिलांना पुढचा कसोटी सामना मिळाला तो १९८४ मध्ये, आणि १९८६ नंतरचा थेट १९९१ मध्ये. १९८८ च्या विश्वचषकात तर भारत उतरलाच नाही. पंधरा वर्षांत वीस सामने! एखाद्या कारागिराला वर्षातून एखादाच दिवस काम मिळावे आणि तरीही त्याने हात चालू ठेवावा, अशी ही अवस्था होती. दुसऱ्या वर्गाचा प्रवास, सार्वजनिक निवासातला मुक्काम, आपापली वळकटी आणि अनेकींत मिळून वापरायच्या मोजक्या बॅटी हे सारे हौसेपोटी सोसता येते. पण सोसण्यालाही वयाची मर्यादा असते. शिक्षण संपले, घरात मिळवत्या हाताची गरज भासू लागली किंवा लग्नाची बोलणी सुरू झाली, की चांगली फलंदाज मैदानावरून निमूटपणे नाहीशी होई. तिची नोंद कोणत्याही धावफलकावर झालेली नाही.

ही गळती थांबविण्याचा उपाय एडल्जी यांनी अचूक हेरला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास, माधवराव शिंदे यांच्याकडे रेल्वेचे मंत्रिपद असताना, रेल्वेने महिला क्रिकेटपटूंना नोकरीत घ्यावे यासाठी त्यांनी पाठपुरावा केला आणि तो फळाला आला. पक्षपात म्हणून हिणवावे असे त्यात काही नव्हते. पुरुष खेळाडूंना मिळत असलेली सोय स्त्रियांना मिळाली एवढेच. दरमहा ठरलेला पगार, सरावासाठी सवलत, स्पर्धांसाठी विशेष रजा आणि प्रवासाचा पास! मुलीचे खेळणे हा घराच्या दृष्टीने खर्च होता, तो आता मिळकत झाला. ज्या बापाला स्त्रीस्वातंत्र्यावरील व्याख्यान पटले नसते, त्याला नेमणूकपत्र पटले.

या व्यवस्थेचे दोषही होते, आणि ते झाकण्याचे कारण नाही. नोकरी देणारा मोठा मालक जवळजवळ एकच असला की सारे कसब त्याच्याच दारी जमा होते. देशांतर्गत स्पर्धांत रेल्वे वर्षानुवर्षे जिंकत राहिली आणि राज्यांचे संघ उपाशी राहिले. एअर इंडियासारख्या उपक्रमांनी हातभार लावला, पण तोल साधला नाही. तरीही पर्याय काय होता? बाजार त्या काळी या खेळाकडे फिरकलाही नव्हता, आणि पुरुष क्रिकेटच्या नियामक मंडळाने महिलांचा कारभार हाती घेतला तो २००६ मध्ये. २०१७ च्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या १५ जणींपैकी १० जणी रेल्वेच्या कर्मचारी होत्या, यावरून त्या नोकऱ्यांचा हिशेब मांडता येईल. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नियामक मंडळावर नेमलेल्या प्रशासक समितीत एडल्जी होत्या, आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला, तो मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला.

दरम्यान बाजार आला, आणि वाजतगाजत आला. २०२२ मध्ये भारतीय संघातील स्त्री-पुरुषांचे सामना मानधन समान झाले. २०२३ च्या महिला प्रीमियर लीगचे पाच संघ मिळून ४,६६९.९९ कोटी रुपयांना विकले गेले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने विश्वचषक जिंकला. हा पैसा खेळाडूंनी कमावलेला आहे; त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु लीगच्या एका संघात फार तर १८ खेळाडू, त्यांतही काही परदेशी. म्हणजे पाच संघांत मिळून भारतीय मुली साठ-पासष्ट. लिलावातली बोली मोठी असली तरी ती मोसमाची असते; गुडघा दुखावला की पुढच्या मोसमात नाव पुकारले जाईलच असे नाही. या यादीच्या बाहेर राहिलेली, जिल्ह्याच्या गावातून सकाळच्या गाडीने सरावाला जाणारी मुलगी आजही क्रीडा कोट्यातील भरतीची जाहिरात शोधत असते. राज्य सरकारे, बँका आणि या खेळावर जाहिरातींचा खर्च करणाऱ्या कंपन्या यांपैकी किती जण तिला कायमच्या नोकरीत घ्यायला तयार आहेत, हे अजून दिसायचे आहे.