‘छान’ म्हणणारे आणि मान वळवणारे

नव्या मालाचा नमुना घरच्यांना दाखवून कोणताही व्यापारी भाव ठरवीत नाही. तो बाजारात नेतो, अनोळखी गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि त्याच्या तोंडाकडे पाहतो. हीच सावधगिरी मुलांच्या कलाकृतीच्या बाबतीत आपण सोडून देतो. चित्रफीत कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडते, चाळीस अंगठे उमटतात, ‘खूप छान बेटा’ असे काकू लिहितात आणि परीक्षण संपते. या चाळीस अंगठ्यांतून काय सुधारायचे, हे मात्र कोणालाच कळत नाही.

माझ्या पुतण्याची कन्या माध्यमविद्येचे शिक्षण घेते. तिच्या पाच जणांच्या गटाने अभ्यासक्रमासाठी एक गीतचित्रफीत तयार केली. विषय होता उजनीच्या फुगवट्याखाली गेलेली गावे. वाचकांपैकी कुर्डुवाडी, टेंभुर्णी, करमाळा भागांतील मंडळींना हा प्रदेश नव्याने सांगायला नको. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि यशवंतसागराच्या पाण्याने करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतील अनेक गावठाणे गिळली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि लोक ते पाहायला जातात. पाण्याने ऊस आणि केळी दिली. ज्यांचे वाडे आणि ओटे बुडाले त्यांच्या मनात मात्र दुसराही हिशेब शिल्लक आहे. गीताचा विषय तोच होता.

पहिली प्रत चार मिनिटे वीस सेकंदांची होती. त्यातील सुमारे पन्नास सेकंद ड्रोन पाण्यावरून नुसताच फिरत होता. मग रोहित पक्ष्यांचा थवा, मग नावेत उभी राहून वाऱ्यावर ओढणी सोडणारी नायिका. घरी सर्वांनी ‘अगदी सैराटसारखे!’ म्हणून कौतुक केले. मुले खूश झाली. मला ते वाक्य खटकले. नागराज मंजुळे याच करमाळा तालुक्यातील जेऊरचे. २०१६ साली ‘सैराट’ आला आणि तेव्हापासून या काठावर कॅमेरा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्याचाच चष्मा असतो. आपले काम दुसऱ्याच्या कामासारखे दिसते, ही प्रेक्षकाने नकळत नोंदवलेली तक्रारही असू शकते. त्याच मंजुळ्यांचा ‘पिस्तुल्या’ हा छोटासा लघुपट; पण तो कोणासारखा दिसत नव्हता आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मी मुलांना दोन गोष्टी सुचवल्या. ‘आवडले का?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याला आपल्याकडे एकच सभ्य उत्तर आहे. त्याऐवजी ‘काय घडले ते सांगा’ असे म्हणायचे आणि मधे बोलायचे नाही. दुसरे, वही घालायची. रकाने तीनच : चित्रफितीतील नेमका सेकंद, पाहणाऱ्याने काय केले किंवा म्हटले, आणि एकमेकांशी न बोललेल्या किती जणांनी तेच सांगितले. बँकेत ताळा जुळवताना ‘कुठेतरी फरक आहे’ असे म्हणून भागत नाही, फरक कोणत्या पानावर आहे ते शोधावे लागते. ही काही माझी नवी युक्ती नव्हे. अमेरिकेतील मूकपटांचा विनोदी नट हॅरल्ड लॉइड प्रदर्शनापूर्वी चित्रपट सामान्य प्रेक्षकांना दाखवी, हशा कोठे पिकतो आणि कोठे पिकत नाही ते टिपी आणि दृश्ये पुन्हा चित्रित करी. आपल्या संगीत नाटकांत ‘वन्स मोअर’ होताच. पण त्याने रंगलेली जागा कळते, फसलेली कळत नाही.

वहीची पहिली पाने किरकोळ वाटावीत अशा गोष्टींनी भरली, तरी त्याच सर्वांत उपयोगी ठरल्या. संगणकावर स्पष्ट ऐकू येणारे शब्द मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर हलगीखाली दबत होते. सहा जणांना दुसऱ्या कडव्यातील ‘ओटा’ हा शब्द ‘मोठा’ असा ऐकू आला. भर उन्हात मोबाइल धरला तर संध्याकाळची दृश्ये काळीच दिसत. ड्रोनच्या विसाव्या सेकंदाला बोट पडद्यावर जाई आणि पाहणारा पुढे सरके. यूट्यूबवर पुरेसे प्रेक्षक झाल्यावर, ते कोणत्या क्षणी सोडून गेले याचा आलेख मिळतो. पण समोर बसलेल्या माणसाचे बोट पाहिले की कारणही विचारता येते.

आमच्या घरातील आजींनी मासळीच्या जाळ्याचे दृश्य येताच मान वळवली. त्यांचे दुःख खरे होते. पण भिगवणपासून खाली पसरलेल्या या पाण्यावर कितीतरी कुटुंबांचे पोट मासेमारीवर चालते, आणि गाणे त्यांचेच आहे. मुलांनी बराच वाद घातला. अखेर जाळे फेकणारे हात ठेवले आणि तडफडणाऱ्या माशाचे जवळून घेतलेले दृश्य काढले. त्यावाचून गाण्याचे काही अडले नाही.

खरी कसोटी काठावरच्या एका गावात लागली. मंदिराच्या ओसरीवर पंचवीस-तीस माणसे जमली होती. नायिका नावेत उभी राहिली, नाव कलली, ओढणी उडाली, आणि ओसरीवरची कुजबुज एकदम थांबली. एक बाई पदर सावरत उठून गेल्या. कोणी टीका केली नाही, कोणी काही म्हटलेच नाही. नंतर एका वृद्धाने मुलांना शांतपणे कारण सांगितले. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याकडील कुगावहून पलीकडे इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. या पाण्यावर वारा आणि कललेली नाव एकत्र दिसली की काठावरच्या माणसाला प्रणय आठवत नाही.

ते दृश्य संपूर्ण चित्रफितीत सर्वांत देखणे होते. शहरात दाखवले तेव्हा वहीत त्याच्यापुढे अकरा जणांची पसंती नोंदलेली होती. गटातील छायाचित्रकार मुलगा ते सोडायला तयार नव्हता; त्याने त्यासाठी दोन दिवस वाऱ्याची वाट पाहिली होती. माझ्या मते इथे मते मोजण्यात अर्थ नव्हता. अकरा जणांना ते चित्र आवडले होते. उठून गेलेल्या बाईंना मात्र ते आपल्या दारातले वाटले होते. शेवटी मुलांनी ते काढले. नायिका आता त्याच नावेत बसलेली आहे, अंगात जीवरक्षक जाकीट आहे, पाणी शांत आहे, आणि ती खाली, बुडालेल्या ओट्याच्या दिशेने पाहते आहे. चित्र पूर्वीइतके नेत्रदीपक नाही, पण कडव्याचा अर्थ पहिल्यांदाच त्यात उतरला.

सगळेच ऐकायचे असेही नाही. शेवटी ठेका वाढवून नाच घालावा असे बऱ्याच तरुणांनी सुचवले होते. गाणे शेवटी रेंगाळते, हे त्यांचे दुखणे बरोबर होते, पण नाच हे त्याचे औषध नव्हते. मुलांनी एक कडवे कमी केले.

आताची प्रत तीन मिनिटे पस्तीस सेकंदांची आहे. अखेरीस संगीत थांबल्यावर आठ सेकंद केवळ पाण्यावरची संध्याकाळ दिसते. तिघांना तिथे मोबाइल अडकला असे वाटले, म्हणून परवा मुलांनी त्या शांततेत लाटेचा हलका आवाज घातला. तो मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू येतो की नाही, हे पाहण्यासाठी वही घेऊन ती पुढच्या रविवारी पुन्हा त्याच ओसरीवर जाणार आहेत.